शटडाऊन करतानाच येणारी एरर: एका कृषी सेवा केंद्रातल्या पीसीचं प्रकरण

गेल्या जूनमधली गोष्ट. फलटण तालुक्यातलं एक कृषी सेवा केंद्र, पेरणीचे दिवस, सकाळी आठपासून बियाणं आणि खत घ्यायला आलेली माणसं ओट्यावर बसलेली, दिवसभर बिलिंग चालू. रात्री पावणेनऊला दुकानातल्या वहिनींचा फोन, "दादा, आज पण बंद करताना तीच एरर आली, मी ओके शोधतेय तोवर मामंजींनी बोर्डाचं बटणच बंद केलं, आता उद्या सकाळी परत डेटा रिपेअर करा म्हणून येणार बघा." आणि तसंच झालं, सकाळी बिलिंगच्या सॉफ्टवेअरने डेटा दुरुस्त करायला पाऊण तास घेतला आणि तेवढा वेळ बाहेर गर्दी ताटकळत उभी.

मी तालुक्यात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो. हे प्रकरण सविस्तर लिहितोय कारण शटडाऊनच्या वेळच्या एररकडे लोक फार चुकीच्या बाजूने बघतात असं मला कळकळीने वाटतं, आणि त्यात माणसाचे पैसे आणि वेळ दोन्ही जातात. इथे पण गेले होतेच.

मशीन साधंच, विंडोज १०, एसएसडी बसवलेली, प्रिंटर एक, बारकोडची गन एक. एरर काय तर शटडाऊन दाबलं की निळ्या स्क्रीनवर गोल फिरायला लागायचं आणि मधेच एक छोटी चौकट, अमुक डॉट ईएक्सई, ॲप्लिकेशन एरर, ॲप्लिकेशन नीट सुरू होऊ शकलं नाही, खाली कोड ०एक्स सी००००१४२, आणि ओकेचं बटण. कधी दोन-चार सेकंदात आपोआप जायची, कधी ओके दाबेपर्यंत तशीच बसून राहायची. रोज नाही यायची, आठवड्यात तीन-चार वेळा. दिवसा काम करताना काहीच त्रास नाही, पीसी चालू करताना पण नाही, फक्त बंद करताना.

माझ्याकडे यायच्या आधी दोन उपाय होऊन गेले होते. आधीच्या माणसाने रॅम बदलली होती, ४ जीबीची काढून ८ जीबीची टाकली, पीसी थोडा फास्ट झाला पण एरर तशीच. मग विंडोजच्या फायली तपासायची कमांड, एसएफसी स्कॅननाऊ, ती चालवली, त्यात काहीच खराब निघालं नाही. मग त्याने सांगितलं की फॉरमॅटच मारावं लागेल. ऐन हंगामात फॉरमॅट म्हणजे बिलिंग, प्रिंटर, बारकोड, सगळं परत बसवायचं, निदान एक दिवस दुकान वहीवर. काकांनी, म्हणजे वहिनींच्या मामंजींनी, त्याला नको म्हटलं ते बरंच झालं.

रॅम बदलणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. यात त्या माणसाची वाईट इच्छा नव्हती, पण त्याने कोड वाचलाच नाही. मेमरी वाचता आली नाही असं सांगणारी एक वेगळी एरर असते, तिचा कोड ०एक्स सी००००००५, ती आली की लोकांना वाटतं रॅम गेली, खरं तर ती पण बहुतेक वेळा प्रोग्रामचीच चूक असते, त्याने जिथे हात घालायचा नाही तिथे घातलेला असतो. आमची १४२ वाली तर त्याहून वेगळी. तिचा अर्थ एवढाच की एक प्रोग्राम सुरू व्हायला गेला आणि त्याला लागणारी एक डीएलएल, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात अशी कोडची फाईल, तयारच झाली नाही, म्हणून तो उंबऱ्यावरच पडला.

आता हे वाक्य परत वाचा, सुरू व्हायला गेला. अहो आपण पीसी बंद करतोय, मग या वेळी सुरू कोण व्हायला जातंय? सगळं प्रकरण या एका प्रश्नात आहे आणि मला पण तो पहिल्या दिवशी सुचला नव्हता हे खरं सांगतो.

पहिल्या दिवशी मी वहिनींचं ऐकलं. त्यांचं म्हणणं होतं की बिलिंगचं सॉफ्टवेअर उघडं राहिलं की एरर येते, ते आधी बंद करून मग शटडाऊन केलं तर सहसा येत नाही. रोज मशीनवर बसणाऱ्या माणसाचं निरीक्षण मी कधी उडवून लावत नाही, कारण ते बहुतेक बरोबर असतं, फक्त त्याचा अर्थ वेगळा निघू शकतो. मी मोजून बघितलं. बिलिंग बंद ठेवून सहा वेळा शटडाऊन, एरर एकदा. बिलिंग उघडं ठेवून सहा वेळा, एरर पाच वेळा. म्हणजे वहिनी बरोबर होत्या. मी बिलिंग सॉफ्टवेअर अपडेट केलं, त्यांच्या सपोर्टला फोन केला, त्यांनी पण रिमोटवर येऊन बघितलं, काही सापडलं नाही, दिवस गेला. घोडं तिथेच अडलं.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत ठेवून आधी एररमधलं नाव नीट वाचायचं ठरवलं. चौकट लगेच जाते म्हणून मी मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला, मग एकेक फ्रेम थांबवून वाचलं. नाव बिलिंगच्या सॉफ्टवेअरचं नव्हतंच! नावाच्या शेवटी ट्रे असं होतं, म्हणजे खाली उजव्या कोपऱ्यात घड्याळाशेजारी बसणारं काहीतरी. नंतर लक्षात आलं की व्हिडिओची पण गरज नव्हती, विंडोज हे सगळं लिहून ठेवतं. इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टिम, आणि तिथे ॲप्लिकेशन पॉपअप या सोर्सची इव्हेंट आयडी २६ ची नोंद शोधा, चौकटीत जे आलं होतं ते अक्षरशः तसंच्या तसं तिथे मिळतं, प्रोग्रामच्या नावासकट आणि वेळेसकट. ज्याला कुणाला शटडाऊनच्या वेळी झर्रकन येऊन जाणारी एरर त्रास देतेय त्याने सगळ्यात आधी हे बघावं, बाकी सगळं नंतर.

लॉग उघडलाच आहे तर वेळा लावून बघितल्या. इव्हेंट १०७४ म्हणजे कुणीतरी शटडाऊनचा हुकूम दिला ती वेळ. त्या दिवशी १०७४ रात्री ८ वाजून ४१ मिनिटं ७ सेकंदांनी आणि २६ नंबरची नोंद ८:४१:१६ ला, म्हणजे मधे नऊ सेकंद. मागच्या तीन आठवड्यांच्या नोंदी खाली सरकवत गेलो तर जिथे जिथे २६ होती तिथे ती १०७४ नंतर आठ ते बारा सेकंदांनीच होती, त्याच्या आत एकदाही नाही. आणि त्यातल्या चार रात्रींनंतर दुसऱ्या दिवशी सकाळच्या नोंदीत ४१ आणि ६००८, ज्याचा अर्थ आदल्या वेळी पीसी रीतसर बंद झालाच नव्हता, वीज गेली किंवा कुणी बटण बंद केलं. ती काकांच्या बोर्डाच्या बटणाची खूण. खरं नुकसान तिथे होत होतं. एरर एकटी असती तर ती डेटाला हात पण लावत नव्हती, पण ती स्क्रीनवर दिसली की काकांना वाटायचं मशीन हँग झालं, दुकानाचं शटर ओढायची घाई असायची, आणि बिलिंगचा डेटा अजून डिस्कवर लिहून व्हायचाय तेवढ्यात वीज बंद.

आठ सेकंदांच्या आत कधीच नाही, हा धागा मला महत्त्वाचा वाटला. बिलिंग उघडं असलं की ते बंद होताना बॅकअप घेतं, त्यात दहा-बारा सेकंद जातात. नसलं की पीसी सहसा पाच-सहा सेकंदात बंद. म्हणजे कदाचित बिलिंगचा दोष नाहीच, ते फक्त वेळ लावतं, आणि त्या वाढलेल्या वेळात दुसरंच कुणीतरी काहीतरी करतंय.

हे तपासायला एक सोपी गोष्ट केली. बिलिंग पूर्ण बंद केलं, नोटपॅड उघडलं, त्यात दोन शब्द टाईप केले आणि सेव्ह न करता शटडाऊन दाबलं. अशा वेळी विंडोज थांबतं आणि सांगतं की हे ॲप बंद व्हायला अडथळा करतंय. मी तिथे काहीही न दाबता नुसता बसून राहिलो. पहिल्यांदा काही नाही, दुसऱ्यांदा केलं आणि एरर हजर, तेच नाव, तोच कोड. बिलिंग चालू पण नव्हतं. वहिनी शेजारी उभ्या होत्या, म्हणाल्या, "म्हणजे आमच्या बिलिंगचा काही संबंधच नाही?" म्हटलं संबंध आहे, पण चोर तो नाही.

मग आणखी एक चाचणी, जी मला वाटतं सगळ्यात जास्त वेळ वाचवते, शटडाऊनऐवजी नुसतं साइन आउट करायचं. साइन आउटला पण एरर आली. म्हणजे ड्रायव्हर, हार्डवेअर, पॉवर हे सगळे विषय जवळजवळ बाद, कारण साइन आउटमध्ये मशीन बंदच होत नाही, फक्त त्या वापरकर्त्याचे प्रोग्राम बंद होतात. शिवाय प्रत्येक प्रयोगाला पूर्ण बंद-चालू करायची गरज उरली नाही, वीस सेकंदात एक फेरी.

आता तो ट्रे वाला प्रोग्राम कुणाचा. फाईलचं लोकेशन उघडलं तर एका जुन्या ऑल-इन-वन प्रिंटरच्या फोल्डरमध्ये. वहिनींना विचारलं, तर तो प्रिंटर तीन वर्षांपूर्वीच खराब होऊन भंगारात गेलेला, आताचा प्रिंटर दुसऱ्याच कंपनीचा! मशीन भंगारात गेलं पण त्याचं सॉफ्टवेअर अजून रोज सकाळी उठून शाई किती आहे बघायला बसत होतं. टास्क मॅनेजरमध्ये त्याला सिलेक्ट करून एंड टास्क केलं. गेलं. आणि मी माऊस बाजूला करतोय तोवर यादीत परत आलं. परत मारलं, मनात मोजलं, सहा सेकंदांनी परत हजर. तिसऱ्यांदा मारलं, नऊ सेकंद. वहिनी म्हणाल्या, "हे तर रक्तबीजासारखं आहे", आणि मला त्या क्षणी सगळं उलगडलं.

प्रोसेस एक्स्प्लोरर नावाचं फुकट टूल आहे, सिसइंटर्नल्सचं, ज्यांना मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये विकत घेतलं, त्यात कोणत्या प्रोग्रामने कुणाला जन्म दिला ते झाडासारखं दिसतं. त्यात हा ट्रे वाला स्टार्टअपमधून आलेला नव्हता, तो त्याच प्रिंटरच्या एका सर्व्हिसच्या, म्हणजे खिडकी न दाखवता पडद्यामागे चालणाऱ्या प्रोग्रामच्या, पोटात दिसत होता. त्या सर्व्हिसचं काम म्हणजे पहारा, ठरावीक सेकंदांनी बघायचं की आपला ट्रे वाला जिवंत आहे का, नसला की परत उभा करायचा. असे पहारेकरी बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असतात आणि दिवसा त्यांचं काही बिघडत नाही.

बंद होताना काय होतं ते नीट समजून घ्या. विंडोज आधी लॉगिन केलेल्या माणसाचे प्रोग्राम बंद करतं, प्रत्येकाला निरोप जातो की सत्र संपतंय, आवरून घ्या. सर्व्हिसेसची पाळी त्यानंतर. म्हणजे मधे काही सेकंद असे असतात की ट्रे वाला बंद झालाय पण त्याचा पहारेकरी अजून जागा आहे. तो बघतो, अरे आपला माणूस पडला, आणि त्याला परत उभा करतो. पण तोवर डेस्कटॉप आवरायला घेतलेला असतो. कुठल्याही खिडकीवाल्या प्रोग्रामला सुरू होताना यूजर३२ ही डीएलएल लागते आणि तिला डेस्कटॉपशी जोडून घ्यावं लागतं, आता तो डेस्कटॉपच बंद होतोय म्हटल्यावर जोडणी होत नाही, डीएलएल तयार होत नाही, आणि निघतो १४२. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलंय आणि तेवढ्यात गडी कामावर यायला वाकून आत शिरतोय, असा प्रकार. पहारेकऱ्याची फेरी मधल्या त्या काही सेकंदांत पडली तरच एरर, नाहीतर नाही. म्हणून बिलिंग उघडं असताना जास्त, म्हणून रोज नाही, म्हणून वहिनींचं निरीक्षण पण बरोबर आणि सॉफ्टवेअरवाल्यांचं "आमच्यात काही नाही" हे पण बरोबर.

यात फास्ट स्टार्टअपची भर आहेच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, शटडाऊन म्हणजे खरं शटडाऊन राहिलेलं नाही. फास्ट स्टार्टअप चालू असलं की फक्त वापरकर्त्याचं सत्र बंद होतं आणि कर्नल म्हणजे विंडोजचा गाभा, सर्व्हिसेस वगैरे सगळं हायबरनेट होऊन डिस्कवरच्या हायबरफिल नावाच्या फायलीत जाऊन झोपतं, सकाळी तिथूनच उठतं. म्हणजे आमचा पहारेकरी रात्री बंद होतच नव्हता, झोपत होता. रीस्टार्टला मात्र सगळं पूर्ण बंद होऊन नव्याने सुरू होतं. खूप लोक तक्रार करतात की सेटिंग बदललं, पीसी बंद करून चालू केला तरी फरक पडला नाही, त्यामागे बऱ्याचदा हेच असतं. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सखाली सीपीयूच्या पानावर अप टाइम, म्हणजे विंडोज पूर्ण बंद न होता किती वेळ चालू आहे ते, दिसतो, रोज रात्री बंद होणाऱ्या या पीसीचा अप टाइम काही दिवस दाखवत होता. काकांना दाखवला तर त्यांना पटेचना.

पुरावा पक्का करायला सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन ती एकच सर्व्हिस थांबवली, स्टार्टअप टाइप डिसेबल्ड केला. ट्रे वाल्याला मारलं, परत आला नाही. मग नोटपॅडचा प्रयोग दहा वेळा, एकदाही एरर नाही. सर्व्हिस परत चालू केली, तिसऱ्याच वेळी एरर. परत बंद, परत दहा वेळा, शून्य. हे उलटसुलट करून बघणं मी कधी सोडत नाही, कारण नुसतं बंद करून एरर थांबली तर तो योगायोग पण असू शकतो, चालू केल्यावर ती परत आली तरच खात्री.

काढायच्या आधी बिलिंगचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेतला आणि रीस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडलं तर विंडोज मागच्या स्थितीत न्यायची सोय, बनवायला गेलो तर सिस्टिम प्रोटेक्शन बंदच होतं, विंडोज १० मध्ये ते बऱ्याच मशीनवर बंद असतं आणि ज्या दिवशी लागतं त्या दिवशी कळतं. ते चालू केलं, पॉइंट बनवला, मग कंट्रोल पॅनेलमधून जुन्या प्रिंटरचं सगळं काढलं. अनइन्स्टॉल झाल्यावर पण ती सर्व्हिस यादीत राहिलीच होती, तिची फाईल गेलेली आणि नाव शिल्लक. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये एससी डिलीट आणि पुढे त्या सर्व्हिसचं नाव देऊन ती काढली. इथे नाव दोनदा वाचा, कारण ही कमांड परत विचारत नाही, आणि यादीत दिसतं ते नाव वेगळं आणि खरं सर्व्हिस नेम वेगळं असतं, ते प्रॉपर्टीजमध्ये वरच लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या नाहीत. एक, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, एररमोड नावाची किंमत २ केली की अशा चौकटी दिसायच्याच बंद होतात, नोंद फक्त लॉगमध्ये पडते. काकांना ती चौकट दिसली नसती तर त्यांनी बटण बंद केलं नसतं, हे खरं, पण मग उद्या खरोखर काही बिघडलं तरी कुणाला दिसणार नाही. दुसरी, शटडाऊन लवकर व्हावा म्हणून प्रोग्रामला द्यायचा वेळ कमी करणं आणि ऑटो एंड टास्क्स, म्हणजे न विचारता प्रोग्राम तोडून बंद करायचं सेटिंग, चालू करणं, हा सल्ला सर्रास दिला जातो. शटडाऊन पाच सेकंदात आटोपला असता तर पहारेकऱ्याची फेरी बहुतेक चुकली असती आणि एरर थांबली पण असती, पण त्या बदल्यात बिलिंगचा बॅकअप मधेच तोडला गेला असता. ज्या मशीनवर हिशोब आहे तिथे हे कधीही करू नका.

फास्ट स्टार्टअप मात्र बंद केलं. एसएसडी असल्याने सकाळी चार-पाच सेकंद जास्त लागतात, तेवढंच. त्यामुळे रोज रात्री मशीन खरंच बंद होतं आणि लॉगमध्ये १०७४ नंतर ६००६ ची नोंद पडते, म्हणजे सगळं आवरून गेलं.

तीन आठवड्यांनी डिझेल टाकायला फलटणला गेलो होतो तेव्हा दुकानात डोकावलो, चहा येईपर्यंत लॉग उघडला. प्रत्येक दिवसाखाली १०७४ आणि तिच्यामागे ६००६. २६ एकदाही नाही, ६००८ एकदा होती, त्या दिवशी वादळाने दुपारी लाइट गेलेली आणि यूपीएसची बॅटरी संपलेली, वहिनींनी तारीख बघून लगेच सांगितलं. बॅटरी बदलायला सांगून आलो. वहिनींनी बोर्डाच्या बटणाशेजारी खडूने लिहून ठेवलंय, आधी पीसीचा दिवा विझू द्या, आणि काका आता शटर निम्मं ओढून तो दिवा विझायची वाट बघत उभे राहतात.